सहा महिने फक्त रस

ताई, काल संध्याकाळी मी तुझी शपथ मोडली. तू 'सुटली' म्हणाली नव्हतीस, तरी मोडली. तुला काय करायचंय ते कर. स्वप्नात येऊन ओरड, माझं नाव टाक, पुढच्या जन्मी माझी बहीण म्हणून येऊ नकोस. पंधरा दिवस झाले तुला जाऊन, आता माझं काय वाकडं करणार आहेस?

गेलेल्या माणसाशी असं बोलू नये, कळतं मला. पण गोड बोलणारे पुष्कळ येऊन गेले. टेंभी नाक्यावरचं तुझं घर पंधरा दिवस माणसांनी भरलेलं होतं. जो येतो तो तेच म्हणतो, "इतकी फळं खाणारी, रोज ताजा रस पिणारी बाई, आणि तिला असं व्हावं?" शेजारच्या काकूंनी पदर डोळ्याला लावून सगळ्यांना सांगितलं की तू बिटाचा नि डाळिंबाचा रस पाजून त्यांचं रक्त वाढवलंस. खोटं नाही ते. मी मान हलवत होते. आणि भाऊजी खिडकीपाशी खुर्ची टाकून बसलेले, येईल त्याला एकच विचारायचे, "एका घरात राहून मला कसं कळलं नाही हो?" पाहुण्यांना विचारलं, इस्त्रीवाल्याला विचारलं, तेराव्याला आलेल्या गुरुजींनाही विचारलं. चहाचा ट्रे घेऊन मी त्यांच्यासमोरून जायचे तेव्हा नजर कपबशांवरून उचलायचे नाही. कारण मला कळलेलं होतं, ताई. चांगलं वर्षभर.

माझ्यावर रसाचे उपकार आहेत, म्हणून तर मी फसले. आई ऑपरेशनला म्हणून गेली आणि परत आलीच नाही, तेव्हा मी तेरा वर्षांची होते आणि तू बावीसची. पुढे तुझं लग्न होऊन तू ठाण्याला आलीस, आणि एकोणिसाव्या वर्षी मला कावीळ झाली तेव्हा बाबांना काही न विचारता मला उचलून इकडे घेऊन आलीस. डोळे हळदीसारखे पिवळे, अन्न बघितलं की उमळून यायचं. तू रोज सकाळी कडीचा डबा घेऊन रसवंतीवाल्यासमोर जाऊन उभी राहायचीस. बर्फ नको, कालचा ऊस नको, आधी ते यंत्र पाण्याने धू, मग माझा ऊस घाल. तुला लांबून येताना बघितलं की तो बिचारा फडकं शोधायला लागायचा म्हणे. आणि डबा भरला की तू अक्षरशः पळत घरी यायचीस, कारण उसाचा रस ठेवला की काळा पडतो. धापा टाकत म्हणायचीस, "मंदे, पी आधी. काढल्या काढल्या प्यायचा असतो रस. नंतर नुसतं गोड पाणी."

तीन आठवड्यांत मी उठून बसले. गल्लीतल्या डॉक्टरांची औषधं चालू होती, पथ्य चालू होतं, हे तू सोयीने विसरलीस. पण खरं सांगू, मीसुद्धा विसरले. माझ्या लक्षात राहिली ती धापा टाकणारी तू आणि तो हिरवट, फेसाळ रस. त्या दिवसापासून माझ्यापुरतं ठरून गेलं, ताईने पाजलं की माणूस बरं होतं.

पहिल्या दिवाळी बोनसमध्ये भाऊजींनी तुला विचारलं होतं, साडी घेऊ का? तू म्हणालीस, रसाचं यंत्र घ्या. ते ओट्याला स्क्रूने आवळायचं, हँडल फिरवायचं. मिक्सर घरात आला तरी तू रसासाठी लावला नाहीस. त्याने रस तापतो म्हणे. साखर नाही, मीठ नाही, बर्फाचं तर नाव काढायचं नाही. गटागट प्यायलो की हातावर चापट. "रस प्यायचा नसतो, खायचा असतो. घोट तोंडात घोळव." आपली वादावादी आठवते का? मी म्हणायचे, देवाने दात दिलेत, अख्खं फळ चावून खा ना, चोथा काढून काय नुसतं पाणी पितेस? तू म्हणायचीस, "चोथा गाईला, रस माणसाला." आणि वर चोथा टाकायची नाहीसच. गाजराचा चोथा थालीपिठात, मोसंबीची सालं वाळवून उटण्यात. तो वाद अर्धाच राहिला आपला. माझ्याकडे आता एकदम चांगला मुद्दा आहे आणि तू नाहीस.

फायदा झाला नाही असं कुठल्या तोंडाने म्हणू? भाऊजी कोलशेतच्या कंपनीतून यायचे ते कपड्यांना केमिकलचा वास घेऊन. बारा महिने त्यांचा घसा धरलेला. तू आवळ्याचा रस मधातून सुरू केलास, पोट साफ, घसा मोकळा. माझ्या बाळंतपणानंतर मी पांढरीफटक पडलेली, तेव्हा तू दर रविवारी डोंबिवलीला यायचीस, पिशवीत डाळिंबं घेऊन. डाळिंबं आणायचीस, रस नाही. माझ्या घरी येऊन, माझ्या ओट्यावर काढून, समोर बसवून पाजायचीस. येऊरच्या बायका घोडबंदर रोडच्या तोंडाशी करवंदं-जांभळं घेऊन बसायच्या तर तू शाळेतून परस्पर तिकडे जायचीस. शिवणाच्या बाई तुम्ही, पण मुली तुमच्याकडे शिवण शिकल्या का माहीत नाही, मोसंबी तळव्याखाली घोळवून मऊ करायला मात्र सगळ्या शिकल्या.

आणि मग मागच्या वर्षीचं नवरात्र आलं.

अष्टमीला मी ओटी भरायला आलेले. नाक्यावर देवीपुढे लाउडस्पीकर लागलेला, घरातल्या घरात ओरडून बोलावं लागत होतं. तू मला स्वयंपाकघरात ओढलंस, दार लोटलंस, माझा हात धरून ब्लाउजवरून डाव्या बाजूला, बगलेजवळ ठेवलास. म्हणालीस, "काही लागतंय?" चिंचोक्याएवढं काहीतरी लागलं. घट्ट. मी म्हटलं, उद्याच्या उद्या डॉक्टर. तू म्हणालीस, "डॉक्टर काय करणार? कापणार. आणि एकदा सुरी लागली की ते पसरतं. आईचं काय झालं?" मी म्हटलं, आईचं वेगळं होतं, आईचं अपेंडिक्स होतं. तू ऐकलं नाहीस. "सहा महिने दे मला. सहा महिने फक्त रस. सकाळी कोहळा, दुपारी गाजर-बीट, संध्याकाळी डाळिंब. नाही विरघळली तर तू म्हणशील त्या डॉक्टरकडे येईन. पण तोवर यांना नाही, माझ्या पोरीला, अर्चूला नाही, कोणालाही सांगायचं नाही. माझ्या गळ्याची शपथ आहे तुला." आणि माझा हात धरून स्वतःच्या गळ्याला लावलास.

गळ्याची शपथ मोडली की घालणारा मरतो. टेलिफोन एक्स्चेंजमध्ये नोकरी करणारी, पेपर वाचणारी बाई मी, चाळिशीकडे झुकलेली. माझा विश्वास आहे का असल्या गोष्टींवर? नाही. पण तुझ्या गळ्याची होती ना. तिथे जोखीम कोण घेणार?

म्हणून मी गप्प बसले. दर पंधरा दिवसांनी यायचे, दार लोटायचीस, माझा हात तिथे ठेवायचीस. "बघ, लहान झालीय ना?" पहिल्यांदा मी म्हटलं, कळत नाही. तुझा चेहरा इतका उतरला की दुसऱ्या वेळी म्हटलं, हो, वाटतेय जरा. ताई, ती लहान झालेली नव्हती. संक्रांतीला ती सुपारीएवढी लागली आणि मी म्हटलं, "हो गं, मऊ पडलीय." तू मला मिठी मारलीस आणि लगेच भाऊजींना हाक मारून म्हणालीस, मंदाला मोसंबीचा रस द्या, दमून आलीय. त्यांनी यंत्राचं हँडल फिरवलं, बी निघालं का पाहिलं, ग्लास आणून हातात दिला. मी तो शेवटच्या थेंबापर्यंत प्यायले.

शपथ तू घातलीस, पण हे खोटं माझं होतं. ते बोल म्हणून तू सांगितलं नव्हतंस.

तुझी मासळीवाली आठवते? चेंदणीवरून यायची ती, बुधवारी. ती दारात पाटी उतरवता उतरवता थबकली आणि तुझ्याकडे बघून म्हणाली, "काय गो बाय, कवरी सुकलीस! डागदराला दाखवलास का नाय?" तिला कोणी शपथ घातलेली नव्हती. तू हसलीस. आणि मी, तुझी सख्खी बहीण, पुढे होऊन काय म्हणाले? "ती रसावर आहे ना, वजन कमी करतेय." मासळीवालीने माझ्याकडे असं काही बघितलं! मग म्हणाली, "बरा हाय," आणि बोंबील मोजून निघून गेली. त्या बाईच्या मागे जिन्यावरून धावत जावं आणि सांगावं, बरं नाही हो, अजिबात बरं नाही, असं वाटलं होतं मला. मी बोंबील धुवायला घेतले.

पाडव्याला सहा महिने झाले. मी ठरवून आले होते, आज फरपटत न्यायचं. तू म्हणालीस, "आता आंबे येताहेत गं. दोन महिने आणखी. आमरसाने शक्ती येईल, मग काय ते कापाकापीचं बघू." मी भांडले. पुष्कळ भांडले, आठवतं ना? तू एकच बोललीस, "शपथ आहे तुला." मी पर्स उचलली आणि तोंड फुगवून डोंबिवलीला निघून आले. तीन आठवडे तुझ्याशी बोलले नाही. तीन आठवडे, ताई! त्या तीन आठवड्यांत मी एखाद्या डॉक्टरला नुसतं जाऊन विचारू शकत होते. नाव न सांगता विचारू शकत होते. मी काय केलं, तर रुसून बसले.

रस वाईट नव्हता गं. रस कधीच वाईट नव्हता. अशक्त माणसाला उभं करतो, तोंडाला चव आणतो, रुसलेल्या पोटाला समजावतो. पण त्याच्याकडून तू डॉक्टरचं काम मागितलंस. ते त्याला येत नव्हतं. हे वाक्य मला आता सुचतंय. अष्टमीला सुचायला हवं होतं.

गणपतीत तुझी पाठ धरली. मखर करताना तू खाली बसलीस ती उठेनास, आणि भाऊजींना काही माहीत नव्हतं तरी तेच तुला रिक्षात घालून घेऊन गेले. मी मागून पोचले. डॉक्टरांनी तपासलं, बाहेर आले, आणि भाऊजींना म्हणाले, "अहो, इतके दिवस करत काय होतात?" चिडून नाही, अगदी हळू म्हणाले. भाऊजींनी मान खाली घातली, शाळेत छडी खाणाऱ्या पोरासारखी. मी शेजारी उभी होते. तो प्रश्न माझा होता. उत्तर माझ्याकडे होतं. मी पाणी आणायला गेले.

शेवटच्या आठवड्यात तुला गिळवत नव्हतं. नर्स म्हणाली, ओठ ओले करा हवं तर. मी घरून निघताना मोसंबीचा रस काढून थर्मासमध्ये आणला होता. कापसाच्या बोळ्याने तुझ्या ओठांना लावला. तू डोळे उघडलेस. सगळं शरीर वाळून गेलेलं, आवाज नव्हता जवळजवळ, आणि तू विचारलंस काय, तर "किती वेळ झाला काढून?" मी म्हटलं, "आत्ताच काढला गं, खाली." तू ओठांवरून जीभ फिरवलीस. म्हणालीस, "खोटारडी." आणि पुन्हा तोंड उघडलंस. डोंबिवलीहून आणलेला, दीड तासाचा, मेलेला रस तू प्यायलीस, ताई. तू! मला तेव्हाच कळलं की आता काही उरलं नाही.

त्या दिवशी मी तुला विचारायला आले होते. 'सुटली म्हण' म्हणायला आले होते. लहानपणी शपथ घातलीस की मी तुझ्या मागे मागे फिरायचे, "म्हण ना गं सुटली, म्हण ना," आणि तू खूप छळून शेवटी म्हणायचीस. तेवढा एक शब्द. नाही मागता आला. मागितला असता तर तुला कळलं असतं ना, की मी तुझ्या मागे उरण्याची तयारी करतेय.

तर कालचं. मी तुझं ते यंत्र ओट्यावरून काढायला गेले. स्क्रू गंजून बसलाय, निघेना. लाटण्याने ठोकलं, खोबरेल सोडलं, चार शिव्या घातल्या. आतून भाऊजी म्हणाले, "राहू दे मंदा, ती ओरडेल." आणि थोड्या वेळाने, भिंतीशी बोलावं तसं, "मला कसं कळलं नाही गं?"

लाटणं हातात धरून मी तिथेच बसले. अर्चू भांडी पुसत होती. मी तिला म्हटलं, बाळा, मला काहीतरी सांगायचंय, आधी तुला सांगते, मग बाबांना. आणि सांगितलं. अष्टमी, चिंचोका, शपथ, सगळं. मला वाटलं पोरगी किंचाळेल, मला घराबाहेर काढेल. तिच्या हातातलं पातेलं तसंच राहिलं. म्हणाली, "मावशी, मला पण."

"तुला पण काय?"

"मला पण घातलेली. गळ्याची. जानेवारीत मी चुकून बाथरूममध्ये शिरले आणि दिसलं. ती म्हणाली, बाबांना नाही सांगायचं आणि मावशीला तर मुळीच नाही. ती घाबरट आहे, डोंबिवली डोक्यावर घेईल." मग रडायलाच लागली. "मला वाटायचं एकट्या मलाच माहीत आहे. तू यायचीस, दार बंद करून बसायचात, मला वाटायचं हिला सांगून टाकावं. दर वेळेस वाटायचं."

ताई, काय केलंस गं हे तू? मी दाराच्या आत, ती दाराच्या बाहेर. दोघींना तेच माहीत, आणि दोघी एकमेकींपासून लपवतोय. मी आत बसून 'मऊ पडलीय' म्हणतेय आणि ती बाहेर तुझी गाजरं किसतेय. एकीने जरी तोंड उघडलं असतं तरी दुसरी बोलली असती. दोघींनी मिळून तुला उचलून नेलं असतं. तुला हे माहीत होतं, म्हणूनच वेगवेगळं बांधलंस आम्हाला.

मी अर्चूचा हात धरला आणि आम्ही भाऊजींसमोर जाऊन खाली बसलो. कोणीतरी भेटायला येताना आणलेली मोसंबी टोपलीत होती. त्यांनी एक उचलली होती आणि तू शिकवलंस तशी तळव्याखाली मांडीवर घोळवत होते, नुसतीच. मी बोलले. मग अर्चू बोलली. शपथ मोडून काही झालं नाही, ताई. पंखा फिरत होता, खाली कोणीतरी स्कूटर चालू करत होतं. मरायला कोणी उरलं नव्हतं ना.

मला वाटलं होतं, त्यांना हलकं वाटेल. त्यांचा दोष नव्हता हे कळेल. पण त्यांचा चेहरा बघवेना. म्हणाले, "तुला सांगितलं. ह्या एवढ्याशा पोरीला सांगितलं." मोसंबी थांबली. "मला का नाही घातली शपथ तिने? मी कोणीच नव्हतो का?"

तेव्हा मला उत्तर सापडलं. वर्षभर सापडलं नव्हतं ते. मी म्हटलं, "भाऊजी, तुम्ही मोडली असतीत म्हणून."

ते म्हणाले, "मोडलीच असती. त्याच दिवशी. आरडाओरडा केला असता तिने, तरी रिक्षात घालून नेली असती." आणि पंधरा दिवसांत पहिल्यांदा रडले. लहान मुलासारखे, मोठ्याने. अर्चूने त्यांचं डोकं धरलं.

माणसं बरोबर ओळखलीस तू. शपथ पाळणाऱ्या दोघी निवडल्यास आणि मोडणारा एक बाजूला ठेवलास. आम्ही तुझ्या शब्दाबाहेर गेलो नाही, ताई. कोणीतरी जायला हवं होतं.